तिसऱ्या गोळीआधी

शुक्रवार, १२ सप्टेंबर

चि. खारूस,

मंगळवार, ९ सप्टेंबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. डॉक्टरीणबाईंच्या डोक्यामागे भिंतीवर घड्याळ आहे आणि माझी नजर अजून शाबूत आहे, तेव्हा वेळेवरून वाद घालू नकोस. त्या वेळी बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "रक्ताच्या नात्यात कुणाला अशा औषधांचा फायदा झालाय का? आईवडील, भावंडं, मुलं?" मी म्हटलं, "आमच्याकडे असलं कुणाला काही नाही." मग त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्या शेजारच्या खुर्चीत होतीस, माझे जुने रिपोर्ट मांडीवर घेऊन. तू म्हणालीस, "नाही. कुणालाच नाही."

इतक्या शांतपणे म्हणालीस की मला तुझा अभिमान वाटला. मुलगी इतक्या लांबून येते, आईला डॉक्टरकडे नेते, आणि विचारलं तेवढंच बोलते. हा अभिमान संध्याकाळपर्यंत टिकला.

संध्याकाळी तुझ्या मावशीचा फोन. डॉक्टर काय म्हणाल्या, आधीची दोन औषधं का चालली नाहीत, आता तिसरं म्हणजे काय, अशी सगळी उलटतपासणी झाल्यावर मला धीर द्यायला म्हणून ती म्हणाली, "अगं ताई, लागू पडतं गं एखादं. आपली खारू नाही का त्या गोळ्यांनी बरी झाली!"

मी म्हटलं, "कुठल्या गोळ्यांनी?"

तिनं एकदम तिच्या पंख्याचा आवाज किती येतो ते सांगायला घेतलं.

"कुठल्या गोळ्यांनी, मी विचारते आहे."

"ताई, दारावर कुणीतरी आलंय," म्हणाली आणि ठेवला. तिच्या दारावर कोण येणार? आलेल्या माणसाला ती खिडकीतूनच कटवते.

त्यानंतर मी तुला फोन केला. मी काय काय बोलले ते मला आठवतं, तुलाही आठवत असणार, पुन्हा लिहीत नाही. तू ऐकून घेतलंस आणि ठेवून दिलास. तेव्हापासून तुझ्या फोनवर एक बाई येते आणि हा क्रमांक सध्या बंद आहे असं सांगते. तुझ्यापेक्षा तिची रीत बरी, निदान उत्तर तरी देते.

म्हणून हे पत्र. मला औषधाचं नाव हवं आहे, किती घेत होतीस ते हवं आहे आणि फरक पडायला किती दिवस लागले ते. डॉक्टरीणबाईंनी विचार करायला वेळ दिला आहे, १४ ऑक्टोबरला ठरवायचं आहे. तू का लपवलंस ते आत्ता सांगू नकोस. ते मी सवडीनं विचारीन.

पत्राच्या शेवटी अनेक आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. या खेपेस लिहीत नाही.

आई


गुरुवार, १८ सप्टेंबर

चि. खारूस,

उत्तर नाही. तुझ्या शहरात पत्रं वाटणाऱ्या माणसाला दोष द्यायची माझी तयारी होती, पण पोचल्याची सही तुझ्या नवऱ्याची आहे असं पोस्टातल्या माणसानं सांगितलं. मी रजिस्टर करून पाठवलं होतं. मला तू ओळखतेस, मीही तुला ओळखते असं मला वाटत होतं.

तुला कदाचित वाटत असेल की आईला खोडच आहे, प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी जायची. म्हणून नीट सांगते. तू माझ्या गोळ्या आणायला खाली औषधाच्या दुकानात गेलीस तेव्हा बाईंनी मला पुन्हा एकदा सगळं समजावलं. पहिलं औषध पुरेशा मात्रेत आणि पुरेसे दिवस घेऊन झालं, त्यानं काही झालं नाही. दुसऱ्यानं झोप आली, जेवण जायला लागलं, ऊठसूट रडणं थांबलं. बाकी मी होते तिथेच आहे. मात्रा वाढवली तर हात थरथरायला लागले. अर्धवट उतार पडला तर तेवढ्यावर समाधान मानायचं कारण नाही, असं बाई म्हणतात. आता याच्याच जोडीला आणखी एक औषध द्यायचं, नाहीतर हे हळूहळू उतरवून वेगळ्याच जातीचं सुरू करायचं. काहीही केलं तरी बोलण्याचे उपचार सोबत हवेतच. म्हणजे एका अनोळखी माणसासमोर बसून मी माझ्या आईविषयी बोलायचं. माझ्या आईला हे कळलं असतं तर तिनं त्या माणसालाच सरळ केलं असतं.

"यातलं कुठलं लागू पडेल?" मी विचारलं.

"आधी सांगता येत नाही. घेऊन बघावं लागतं."

"म्हणजे अंदाजपंचे?"

"अगदी तसं नाही," त्या म्हणाल्या. पोरगी तुझ्याच वयाची असेल, पण चिडत नाही. "तुमचं वय, बाकीची औषधं, आधी काय सोसलं नाही, हे सगळं बघूनच निवडते. घरात कुणाला एखादं लागू पडलेलं असलं तर तो एक धागा मिळतो. खात्री नव्हे हं, धागा."

खारू, मी आयुष्यभर लोकांच्या चष्म्याचे नंबर काढले. दुकानामागची ती चिंचोळी, अंधारी खोली तू पाहिलेली आहेस. खोली आखूड, म्हणून अक्षरांचा तक्ता माणसाच्या पाठीमागे आणि समोर आरसा. नाकावर ती जड ट्रायल फ्रेम ठेवायची, एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची. आता बरं दिसतं, की आधी बरं होतं? पुन्हा दाखवते. हे, की हे? थोड्या वेळात खालची बारीक ओळ दिसायला लागली की माणूस हसायचा. खडूस माणसंसुद्धा हसायची. आता त्या खुर्चीत मी बसले आहे. एक काच काढून दुसरी घालेपर्यंत मध्ये दीड-दोन महिने जातात, आणि तोपर्यंत आधीच्या काचेतून कसं दिसत होतं हेच आठवत नाही. हे बरं, की ते? काय सांगू? दोन्हींतून भिंतच दिसते.

दर भेटीत बाई विचारतात, "शंभरातलं किती बरं वाटतंय?" आणि मी दर भेटीत सत्तर सांगत आले. साठाच्या खाली सांगायला जीभ रेटत नाही. कॉन्व्हेंटात साठाखाली गेलेल्या मुलींची नावं सिस्टर प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर वाचायच्या आणि माझं नाव कधी वाचलं गेलं नाही. परवा मात्र तू शेजारी होतीस. मी सत्तर म्हटल्याबरोबर तू म्हणालीस, "ती सकाळी जागी होते, पण अकरापर्यंत पलंगाच्या कडेवर बसून असते. एक मोजा घातलेला असतो, दुसरा हातात." बाईंनी सत्तर खोडून तीस लिहिलं. तिथल्या तिथे तुझी गचांडी धरावीशी वाटली मला. आणि मग, काय सांगू, नापास झाल्यावर इतकं हलकं वाटतं हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

दोन दिवसांत तुला त्या मोज्याचं कसं कळलं? मला मात्र तुझं वर्षानुवर्षं काही कळू नये अशी व्यवस्था तू केलीस. तुझ्या मुठीत एक काच आहे आणि तू मूठ उघडत नाहीस.

आई


मंगळवार, २३ सप्टेंबर

चि. खारूस,

तुझी मावशी येऊन गेली. फोन उचलत नव्हती, म्हणून मी तिला निरोप ठेवला की मी आजारी आहे. खोटं कुठे आहे त्यात? धापा टाकत जिने चढून आली आणि मला खुर्चीत ताठ बसलेली बघून म्हणाली, "ताई, तू म्हणजे अगदी..."

"बस. पाणी पी. आणि त्या औषधाचं नाव सांग."

"मला माहीत नाही."

"तुझ्या घरी राहून घेत होती ना ती? तूच म्हणालीस."

"मी असं म्हटलेलंच नाही!"

"आता म्हटलंस."

माझी धाकटी बहीण लहानपणापासून अशीच आहे. तिला गोष्ट लपवता येत नाही आणि सांगताही येत नाही. नुसती मधोमध उभी राहून घामाघूम होते. हळूहळू सगळं बाहेर आलं. तू मला ज्याला ट्रेनिंग म्हणालीस, ज्यासाठी मी तुला लोकरीचा कोट शिवून दिला आणि दर रविवारी फोनवर "जेवण बरं मिळतं का गं तिथं?" विचारत राहिले, ते ट्रेनिंग मावशीच्या मागच्या खोलीत झालं. तू भिंतीकडे तोंड करून झोपायचीस आणि मावशी उंबऱ्यात बसून भाजी निवडायची. आणि दर रविवारी माझा फोन आला की तू उठून बसायचीस, घसा खाकरायचीस आणि म्हणायचीस, "हो आई, जेवण छान असतं."

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तिनं शपथ घातली होती. म्हणाली, आईला कळलं तर ती मला उभं करून कारण विचारील. आणि मला कारण माहीत नाही, मावशी."

तुझी मावशी घाबरली. मी गप्प बसले की तिला धडकी भरते.

"नाव सांग," मी पुन्हा म्हटलं.

"खरंच माहीत नाही गं ताई. पांढरं पाकीट असायचं. आणि माहीत असतं तरी तिच्या पोटातलं मी कसं सांगू? तू तिलाच विचार. नीट विचार. असं खेकसून नको."

मी खेकसते का? तीन पत्रं लिहिली, एकातही तुला एक वावगा शब्द नाही. मी फक्त विचारते आहे. नाव, मात्रा, दिवस. तू बरी झालीस यात मला आनंदच आहे, कुठल्या आईला नसेल? पण बरं होऊन वाट मागे बुजवून टाकायची, आणि मागून येणारी आपली आई असली तरी बुजवायची, याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. पत्रात लिहिण्यासारखा तो शब्द नाही.

जाताना मावशी म्हणाली, "तुझा चेहरा जरा तरतरीत दिसतोय गं." मी म्हटलं, "तो राग आहे."

आई


रविवार, २८ सप्टेंबर

खारू,

गुरुवारपासून मी गोळी बंद केली होती. कुणाला विचारून नाही. अर्धवटच चालते तर अर्धवट कशाला घ्यायची, असा विचार केला. तू उत्तर देत नाहीस, मीही घेत नाही, असाही केला असेल.

काल सकाळी मान वळवली की डोक्यात झण्णकन विजेसारखं काहीतरी सरकायचं. स्वयंपाकघराच्या दारात तोल गेला. ओट्याला धरून तशीच उभी राहिले. नळ चालू होता, तो बंद करायला हात पुढे जाईना. पाणी वाहून जाताना बघत राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या पहिल्यांदा चिडल्या. म्हणाल्या, "हे औषध एका फटक्यात सोडायचं नसतं हे मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. लहान आहात का?" आणि नंतर आवाज खाली आणून विचारलं, "जगणं नको असं वाटतंय का? स्वतःचं काही करून घ्यावं असं?" मी म्हटलं, तेवढी उमेद नाही. त्या हसल्या नाहीत. पुन्हा विचारलं. मी नाही म्हटलं. खरंच नाही. पण असा प्रश्न मला कुणी विचारील आणि मला उत्तराआधी विचार करावा लागेल, असं कधी वाटलं नव्हतं.

गोळी पुन्हा सुरू केली आहे. हे तुला लिहिण्याचं कारण नाही. लिहिलं.

नाव सांग ना गं.

आई


शुक्रवार, ३ ऑक्टोबर

खारू,

आज दुपारी तुझ्या नवऱ्याचा फोन आला.

"आई, मी बोलतोय."

"नवऱ्याला पुढे केलं वाटतं तिनं."

"तिला विचारूनच फोन करतोय. जरा मला बोलू द्याल का? मध्ये न बोलता?"

माझ्याशी असं कुणी बोलत नाही. मी बोलू दिलं. तो भला माणूस आहे, पण वाक्य इतकं सावकाश टाकतो, जसं काही फरशी ओली आहे. म्हणाला, "त्या दिवशी डॉक्टरांकडे ती खोटं बोलली नाही, आई. तिला फायदा झालेलाच नाही."

मी म्हटलं, "मावशी म्हणते बरी झाली."

"मावशींना तिनं तसं सांगितलं. त्या रोज डोळ्यांत पाणी आणून विचारायच्या, म्हणून एक दिवस सांगून टाकलं की बरी झाले, आणि घरी परत आली. ते औषध चाललं नव्हतं. मग लग्नानंतर पुन्हा झालं, तेव्हा दुसरं दिलं. त्यानं महिनाभर जरा बरं वाटलं, पण टिकलं नाही. जूनपासून तिसरं चालू आहे."

"आणि?"

"आणि काही नाही. वाट बघतोय."

मी विचारलं, असं असताना रजा टाकून इतक्या लांब कशाला आली. तो म्हणाला, "रजा वेगळी टाकायला लागली नाही. ती जुलैपासून रजेवरच आहे."

"मग आली कशाला पण? तब्येत बरी नसताना?"

"तुम्ही बोलावलंत म्हणून."

खारू, हे वाक्य तो तक्रार म्हणून बोलला असता तर मी त्याला बघून घेतलं असतं. तो नुसतं सांगत होता.

मी विचारलं, आता काय करते. म्हणाला, झोपून असते. कधीतरी खिडकीत बसते. तो घरूनच काम करतो, तिला एकटी ठेवत नाही, तिची डॉक्टर आठवड्याला फोन करते. तुझ्या जिवाला भीती आहे का, हे मला विचारायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी मला किती सरळ विचारलं होतं! माझ्या तोंडून ते निघेना. त्यानं ओळखलं असावं. म्हणाला, "आई, आम्ही लक्ष ठेवून आहोत. ती स्वतःहून सांगते मला, तसं वाटलं की. ते चांगलं लक्षण आहे म्हणतात." चांगलं लक्षण! यात चांगलं काय असतं ते लोकांनी ठरवून ठेवलेलं दिसतं.

शेवटी पत्रांचं विचारलं.

"आलीत सगळी. तिनं उघडली नाहीत. टाकूनही दिली नाहीत, टीव्हीच्या बाजूला तारखेप्रमाणे लावून ठेवलीत. मी वाचून दाखवू का म्हटलं, तर म्हणाली, नको, पाकिटावरचं अक्षर बघूनच कळतंय. मग म्हणाली, तूच सांग आईला सगळं, म्हणजे पत्रं थांबतील."

मग पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली. तू होतीस. नुसती हाक, "अहो" नाही की नाव नाही, "ऐक ना" एवढंच. तो "येतो" म्हणाला आणि मला म्हणाला, "ठेवू आई?"

तर आता सांग, मी कुणावर चिडू? डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, फायदा झालाय का. तू खरं उत्तर दिलंस. आणि मी तुझ्या एका "नाही"वर घर डोक्यावर घेतलं. माझ्या हातून घडलं ते घडलं, मी माफीबिफी मागणार नाही, कारण मला काही सांगितलंच नव्हतं आणि न सांगितलेलं कळायची विद्या आम्हाला कॉन्व्हेंटात शिकवली नाही. पण त्या मोज्याचं तुला कसं कळलं, ते मात्र मला आता कळलं.

एक गंमत सांगते. गंमत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही. गेले तीन आठवडे मी तुझ्यावरच्या रागावर चालत होते. सकाळी उठून पहिलं वाक्य मनात जुळवायचे, आंघोळ करायचे, पोस्टापर्यंत पायी जायचे. बाईंनी विचारलं असतं तर शंभरातले साठ सांगितले असते, आणि ते खरे असते. आज फोन ठेवल्यावर बघते तर राग कुठे सापडेना. सगळ्या घरात शोधला. पलंगाच्या कडेवर येऊन बसले आणि उजेड जाईपर्यंत तिथेच होते.

मला त्या औषधाचं नाव नको. तुला न चाललेल्या काचा मी मागून काय करणार? कदाचित बाईंना तेही उपयोगी पडेल, काय चाललं नाही ते. पण तुझं काहीही मी तू हो म्हटल्याशिवाय त्यांना सांगणार नाही. चौदा तारखेला बाई जे देतील ते घेईन. हे उतरवायचं, ते चढवायचं, मध्ये मळमळेल, झोप जाईल, त्या म्हणाल्यात. आणि मग वाट बघायची. इकडे मी बघीन, तिकडे तू बघतेच आहेस. एवढ्या मोठ्या जगात दोन बायका एकाच आजारात वेगवेगळ्या खोल्यांत भिंतीकडे तोंड करून पडल्यात, एक दुसरीची आई आहे, आणि दोघींनाही एकमेकींसाठी करण्यासारखं काही नाही. हे मला सहन होत नाही. गोळी घेऊनही होत नाही.

मी आयुष्यात कुणालाही "काही करता येत नाही" असं सांगून परत पाठवलेलं नाही. ज्याचा नंबर निघत नसे त्याला मोठ्या डॉक्टरकडे पाठवायचे, पण चिठ्ठी देऊन, हातात काहीतरी देऊन. तुझ्या हातात काय देऊ?

आई

ता. क. लिहून झालं, घडी घातली, पाकिटावर तुझा पत्ता घातला आणि मग लक्षात आलं की हेही टीव्हीच्या बाजूलाच जाणार. पाचवं. अक्षर बघूनच कळतंय म्हणे! बरोबर आहे, पत्तासुद्धा मी ओरडल्यासारखा लिहिते. हे पाकीट टाकते आहे, पण तू ते उघडू नकोस. आधीचीही उघडू नकोस. सगळी तशीच राहू देत. वेगळं काहीतरी करते.


शनिवार, ४ ऑक्टोबर
(उघडं कार्ड)

खारू,

पाकीट नाही, म्हणून तुला उघडायला काही नाही. सरळच वाचता येईल. वाटेत पोस्टातली माणसं वाचतील, तुमच्या इमारतीतला रखवालदार वाचील, शेजारीण तर दोनदा वाचील. वाचू देत.

मला डिप्रेशन आहे. गेली दोन वर्षं लोकांना मी पाठदुखी सांगत होते. पाठ ठणठणीत आहे. दोन औषधं झाली, पूर्ण गुण आला नाही. चौदा तारखेला डॉक्टरांकडे जाऊन वेगळं सुरू करायचं आहे. ते लागू पडेल की नाही हे त्यांना माहीत नाही, मलाही नाही. मला भीती वाटते. हे मी कुणाला पहिल्यांदाच लिहिते आहे आणि तेही कार्डावर.

तुझ्याबद्दल या कार्डावर मी काही विचारत नाही.

मी तुझ्याकडे येऊ का? येऊन काही बोलणार नाही. कारण विचारणार नाही. तुझ्या खोलीत दुसऱ्या खुर्चीवर बसेन. डॉक्टर मला प्रवासाला हो म्हणाल्या आहेत, मी विचारलं. किंवा तू ये. किंवा आत्ता दोन्ही नको असेल तर तसं.

लेखी उत्तर हवं, सोमवार, १३ ऑक्टोबर, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात. फोन नको, नवऱ्याकडून निरोप नको. "नको" एवढंच लिहिलंस तरी चालेल, पण ते तू स्वतः उठून, स्वतःच्या हातानं लिहिलेलं हवं. गेले तीन आठवडे मीही पत्र लिहायचं म्हणूनच उठत होते.

अनेक आशीर्वाद.

आई